तंबाखूचा रकाना

विम्याच्या प्रस्तावपत्रात एक रकाना असतो: बिडी, सिगारेट, गुटखा किंवा इतर कुठल्याही रूपात तंबाखू घेता का, घेत असाल तर रोज किती आणि किती वर्षांपासून. यवतमाळ जिल्ह्यात विम्याचं काम करताना या रकान्याइतका वेळ माझा दुसऱ्या कुठल्याही रकान्यावर गेलेला नाही. साखर, बीपी, मागचं ऑपरेशन हे लोक सांगून मोकळे होतात. ऑपरेशनचं तर इतकं रंगवून सांगतात, की थांबवावं लागतं. तंबाखूपाशी आलं की घरधनी बायकोकडे बघतो आणि बायको दाराकडे. मग उत्तर येतं, "लिवा ना ताई, नाही म्हणून."

यात दरवेळी लपवाछपवी असते असं नाही. दारव्हा, आर्णी, घाटंजीकडच्या कितीतरी माणसांना खरोखरच वाटतं, की आपण तंबाखू खात नाही. "बिडी नाही, सिगरेट नाही, दारूले त हात नाही लावला. खर्रा तेवढा खातो, तो त सारेच खातेत." म्हणून छापलेला प्रश्न वाचून दाखवणं मी सोडून दिलं. मी विचारते, "दिवसाला किती पुड्या लागतात?" तेव्हा खरं उत्तर मिळतं. तीन, चार. कापूस वेचायच्या दिवसांत जास्त.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेलेवाला जोर लावून घोटतो, सगळं एकजीव झालं की पुडी बांधून देतो, तो खर्रा. ही पुडी कॉलेजच्या पोराच्या खिशात असते, एसटीच्या ड्रायव्हरच्या खिशात असते, मास्तरांच्या, तलाठ्यांच्याही असते. पाहुण्यापुढे चहाच्या आधी ती येते. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती जुलै २०१२ मध्ये. पुढच्या आदेशांत सुगंधित तंबाखू आणि सुपारीबरोबर खर्रा-मावाही आला. ठेले आहेत तिथेच आहेत. तंबाखूच्या कारखानी पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागा इशाऱ्याच्या चित्राला द्यावी लागते. घोटलेल्या पुडीला मात्र पाकीटच नाही, आरपार दिसणारी पन्नी आहे. सडलेल्या जबड्याचं ते चित्र आमच्याकडच्या बहुतेक खाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कधी येतच नाही.

देशभरात प्रौढांच्या तंबाखूसेवनाचं मोठं सर्वेक्षण २०१६-१७ साली झालं. त्यात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळले, आणि धूर न काढता तोंडात ठेवणारे होते २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडाचा आहे. विम्याच्या कागदपत्रांत मात्र माणसांचे दोन वर्ग ठरलेले आहेत, 'स्मोकर' आणि 'नॉन-स्मोकर'. हे वर्ग जिथे बनले तिथे लोक सिगारेट ओढत होते.

माझ्याकडे आयुर्विम्याची एक आणि आरोग्यविम्याची एक, अशा दोन एजन्सी आहेत, त्यामुळे जादा हप्त्याचे दोन्ही प्रकार मी जवळून पाहते. आयुर्विम्याच्या मुदत योजनांत हे सगळं उघड छापलेलं असतं. एलआयसीच्या २०१९ मध्ये आलेल्या जीवन अमर आणि टेक-टर्म या योजनांचे दर दोन प्रकारचे ठेवले गेले. लघवीतल्या कोटिनिनची तपासणी करून ती स्वच्छ आली तरच नॉन-स्मोकरचा दर, बाकी सगळ्यांना स्मोकरचा. निकोटिन शरीरात मोडलं की त्याचं कोटिनिन होतं आणि शेवटच्या पुडीनंतरही ते काही दिवस लघवीत सापडतं. आरोग्यविम्यात असे छापील दर सहसा नसतात. तिथे तुम्ही 'हो' लिहिलं की कागद मुख्य कार्यालयात जातो, कधी तपासण्या मागवतात, कधी हप्ता वाढवून प्रस्ताव परत पाठवतात. आम्ही त्याला 'लोडिंग लागलं' म्हणतो.

दिग्रस तालुक्यातल्या एका शिक्षकांना कोटिनिनचा असा अहवाल आला, तेव्हा ते माझ्याशी फार तावातावानं बोलले. जन्मात बिडी ओढली नाही, शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ मुलांकडून तेच म्हणवून घेतात, आणि कागदावर त्यांना स्मोकर ठरवलं. "मी धूर काढलेला तुम्ही कधी पाहिला का मॅडम?" खर्रा मात्र होता, शाळा सुटल्यावर एक आणि जेवल्यावर एक. हप्त्यातला फरक ऐकून ते गप्प झाले. मग त्यांनी विचारलं, आठ दिवस पुडी बंद ठेवून पुन्हा तपासणी करता येईल का? हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. तो विचारणाऱ्याच्या मनात पुडी सोडायचा विचार नसतो, तपासणी पार पडेपर्यंत थांबायचा असतो. जादा हप्त्याच्या भीतीनं माणूस व्यसन सोडतो, असं या धंद्यातल्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं गेलं होतं. माझ्या पाहण्यात तो तपासणीची तारीख शोधतो.

आणखी एक गोष्ट मला छळते. कोटिनिन निकोटिनचं माप देतं, सुपारीचं देत नाही. आमच्याकडे तंबाखू नसलेली सुपारी दिवसभर चघळणारी पोरं आहेत, कच्ची कातरून खाणाऱ्या बाया आहेत. त्यांची लघवी स्वच्छ येते, स्वस्त दर लागतो. पण तोंड आखडत जाण्याचा जो आजार आहे, ज्यात गालाची आतली त्वचा ताठ होते, तिखट लागलं की आग होते आणि तोंडात उभी तीन बोटं जायची तिथे दोन, मग एक जातं, त्याचं मुख्य कारण सुपारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकून वीस वर्षं उलटली. प्रस्तावपत्रात सुपारीचा रकाना मी अजून पाहिलेला नाही. जोखीम मोजून पैसे लावायचे असतील, तर निम्मी जोखीम मापाबाहेर ठेवून कसं चालेल?

बायांचं तर आणखी वेगळं. पुरुषाला निदान विचारलं जातं. बाईच्या वेळी बहुतेक एजंट तो रकाना न विचारताच 'नाही' करून पुढे जातात, कारण विचारणंच अपमान वाटतो. प्रत्यक्षात सकाळी मिश्री किंवा नस घासल्याशिवाय दिवस सुरू न होणाऱ्या बाया गावोगाव आहेत. राळेगावकडे बचत गटाच्या एका बैठकीत मी सरळच विषय काढला. आधी हशा झाला, मग एक वयस्क बाई म्हणाली, "वेचाले गेलो का दुपारपर्यंत पोटात काही नसते. चिमूट लावली का भूक मरते." तिच्याकडून जादा हप्ता घ्यायचा, तर तो कशाबद्दलचा? त्या बाईची मजुरी किलोवर ठरते, भाकरीसाठी थांबली तर तेवढा कापूस दुसरीच्या ओट्यात जातो.

आता क्लेमचं सांगते, कारण या रकान्याचं खरं ओझं तिथे कळतं.

घाटंजीकडच्या एका घरातली बाई माझ्याकडे आली ती कंपनीचं इंग्रजी पत्र घेऊन. पॉलिसी मी काढलेली नव्हती. नवऱ्याच्या गालाला आतून जखम झाली, ती भरेना, शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गाठ कर्करोगाची निघाली. कॅशलेसचा अर्ज गेला आणि नाकारला गेला. प्रस्तावपत्रात तंबाखूपुढे 'नाही' होतं. रुग्णालयाच्या केसपेपरवर पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी लिहिलेलं होतं, पंधरा वर्षांपासून तंबाखू-सुपारी चघळण्याची सवय. डॉक्टर हे लिहितातच, उपचारासाठी त्यांना ते लिहावंच लागतं, आणि रुग्णही डॉक्टरांशी खोटं बोलत नाही. कंपनीनं दोन कागद शेजारी ठेवले आणि 'महत्त्वाची माहिती दडवली' असं कळवलं.

त्या प्रस्तावपत्रावरचं अक्षर नवऱ्याचं नव्हतं. त्याची फक्त सही होती, तीही मराठीत, इंग्रजी मजकुराखाली. बाईनं मला एवढंच विचारलं, "आमाले कोणं इचारलं होतं?" तिला उत्तर द्यायला मला जड गेलं. कायद्याच्या नजरेत सही करणारा जबाबदार असतो. विम्याचा करारच पूर्ण विश्वासावर उभा आहे आणि विचारलेलं खरं सांगणं हे विमा घेणाऱ्याचं कर्तव्य आहे. ते मला मान्य आहे, कारण त्याशिवाय हा व्यवहार चालणार नाही. पण त्या घरात विचारण्याचं कामच कोणी केलं नव्हतं. ज्यानं फॉर्म भरला त्याला लोडिंग लागलं की गिऱ्हाईक हातचं जातं हे ठाऊक होतं. जादा हप्त्याची भीती अशी दोन्हीकडून काम करते. घेणारा लपवतो आणि विकणारा विचारत नाही. दोघांनी मिळून वाचवलेली थोडीशी रक्कम सगळ्यात वाईट वेळी त्या घरावर येऊन आदळते.

त्यांची पॉलिसी तिसऱ्या वर्षात होती. आरोग्यविम्यात सलग ५ वर्षं हप्ता भरला की त्यानंतर, सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. २०२४ पर्यंत ही मुदत ८ वर्षांची होती. आयुर्विम्यात ती ३ वर्षांची आहे, विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये. हे आकडे मी प्रत्येक घरी सांगते. त्यावर एक-दोन चतुर माणसं लगेच हिशेब मांडतात, की मग ५ वर्षं आजारी पडायचं नाही, झालं. तोंडाची गाठ असे हिशेब पाळत नाही.

त्या नवऱ्याचं ऑपरेशन शेवटी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं. ही योजना पूर्वी राजीव गांधींच्या नावानं होती, यवतमाळसह सगळ्या राज्यात ती २०१३ च्या नोव्हेंबरात आली. आमच्यासारख्या शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत पांढऱ्या शिधापत्रिकेवरच्या शेतकऱ्यांनाही तिनं सामावून घेतलं. दीड लाखांची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांवर गेली आहे आणि ती सगळ्यांसाठी खुली केली आहे. त्या योजनेत आल्यावर कोणी विचारत नाही, की पुडी खात होतास का. शिधापत्रिका बघतात, आधार बघतात, आजार यादीत बसतो का ते बघतात. माझा धंदा खाजगी विम्याचा आहे, तरीही हे सांगायला मला संकोच वाटत नाही: त्या घराला वाचवलं ते तंबाखूचा रकाना नसलेल्या कागदानं.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते, आणि तो हलका नाही. माझी एक जुनी खातेदार आहे, निवृत्त शिक्षिका. घरात तंबाखू शिवू दिली नाही, त्यापायी भावाशी भांडण घेतलं. ती म्हणते, "मी आयुष्यभर सांभाळून राहिले. जो रोज चार पुड्या खातो त्याचा खर्च माझ्या हप्त्यातून का निघावा?" तिला मी उडवून लावू शकत नाही. विम्यात सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमतात, त्यातून ज्याला लागले त्याला जातात. एकानं जाणूनबुजून जोखीम वाढवली तर दुसऱ्याला ते बोचणारच. आयुर्विम्याच्या मोठ्या रकमेच्या मुदत योजनेत दोन दर असावेत याला माझा विरोधही नाही. तिथे माणूस एक-एक कोटीचं संरक्षण मागत असतो, उपचार नाही. आरोग्यविमा मात्र मला वेगळा वाटतो. जादा हप्त्यामुळे जो बाहेर राहतो, तो नेमका तोच असतो ज्याचं तोंड आधी तपासायला हवं.

अमेरिकेत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आहे. तिथल्या आरोग्यविमा कायद्यानं २०१४ पासून तंबाखू घेणाऱ्याकडून दीडपटीपर्यंत हप्ता घ्यायला कंपन्यांना मोकळीक दिली. गेल्या सहा महिन्यांत सरासरी आठवड्यातून चार वेळा किंवा जास्त तंबाखू घेतली तर तो तंबाखूसेवक, अशी व्याख्याही ठरवली. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्कसारख्या काही राज्यांनी ही वाढ आपल्याकडे चालू दिली नाही. २०१६ साली 'हेल्थ अफेअर्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं, की जास्त जादा हप्ता असलेल्या ठिकाणी धूम्रपान करणाऱ्यांनी विमा घेणं कमी झालं आणि सोडणाऱ्यांचं प्रमाण काही वाढलं नाही. तो वाचताना मला दिग्रसचे गुरुजी आठवले.

आणि दुसरं उदाहरण तर शेजारच्याच जिल्ह्यातलं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं १९८० च्या सुमारास गावांसाठी विमा काढला, त्यामागे डॉ. उल्हास जाजू होते. हप्ता पिकाच्या वेळी ज्वारीत भरायचा. ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त द्यायची, भूमिहीनानं थोडी. आणि गावातली बहुसंख्य घरं आत आल्याशिवाय गाव घ्यायचंच नाही. ऐपत पाहून हप्ता ठरवणारी ती पद्धत होती. माझ्या सासूबाईंना ज्वारीचा विमा ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, हे आपल्याकडे काऊन नाही आलं?

तंबाखूचा तोच प्रश्न आमच्या गावात आणखी एक बाई विचारते, ती आशा. तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा एक तक्ता तिला भरायचा असतो. कधीच नाही तर ०, पूर्वी घ्यायचा किंवा कधीमधी घेतो तर १, रोज घेतो तर २ गुण. त्याच तक्त्यात पुढे तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा आहे का, हेही येतं. बेरीज ४ च्या वर गेली तर त्या माणसाला तपासणीला आधी न्यायचं. आमच्या भागातल्या आशाताईबरोबर मी काही घरं फिरले, मुद्दाम. तिला लोक खरं सांगतात. "दोन लाव, ताई," असं हसत सांगतात. घर तेच आणि माणूसही तोच, ज्यानं मला मागच्याच महिन्यात 'नाही' लिहायला सांगितलं होतं. तिच्या प्रश्नाला पैसे चिकटलेले नाहीत, आणि उत्तरानंतर ती टॉर्च काढून तोंडात बघते.

माझी मागणी यातूनच तयार झाली आहे आणि विभागीय बैठकांत मी ती मांडत असते. आरोग्यविम्यात 'हो' म्हणणाऱ्याकडून कंपनीला जादा पैसे घ्यायचेच असतील, तर त्या पैशातून दरवर्षी त्याचं तोंड दंतवैद्याकडून तपासून द्यावं, आणि त्यानं सोडलं तर लोडिंग उतरवण्याची तारीख पॉलिसीवर लिहून द्यावी. विमा नियामकानं २०२० मध्ये आरोग्य राखणाऱ्या ग्राहकाला सवलती आणि बक्षिसं देण्याची वाट कंपन्यांना आखून दिली आहे. पायी चालल्याचे गुण मोबाइलवर मोजून हप्त्यात सूट देणाऱ्या योजना शहरांत निघाल्या. पुडी सोडल्याचे गुण आमच्या महागाव-उमरखेडच्या माणसाला द्यायला काय हरकत आहे? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. हप्ते उतरले, खेड्यातून चौकशी वाढली. लोक पहिल्यांदाच आत यायला तयार असताना दारातच त्यांना खोटं बोलायला लावू नये.

तोवर मी माझ्यापुरतं एक ठरवलं आहे. रकाना मी मराठीत वाचून दाखवते, पुड्या विचारते, मिश्री आणि सुपारीही विचारते, आणि उत्तर त्या माणसाच्या हातानं लिहून घेते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीचा क्रमांक, १८००-११-२३५६, फॉर्मच्या झेरॉक्सवर लिहून देते. काही प्रस्ताव यामुळे जातात. माणसं सरळ दुसऱ्या एजंटाकडे जातात आणि 'नाही' लिहून पॉलिसी घेतात, हेही मला कळतं.

वणीच्या कोळसा खाणीत ठेकेदाराकडे गाडी चालवणारा एक तरुण परवा आला. घरात दोन लहान मुली. त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: हो, खर्रा, रोज तीन, नऊ वर्षं. कंपनीनं दोन तपासण्या मागवल्या आणि हप्ता वाढवून कळवला. तो दोन दिवस विचार करून आला आणि वाढीव हप्ता भरून गेला. त्याच्या तोंडात तिसरं बोट अडकत होतं, म्हणून पॉलिसी हातात पडण्याआधीच मी त्याला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गालाच्या आतला ताठपणा दाखवला, सुपारी आजपासून बंद असं सांगितलं आणि महिन्यानं पुन्हा बोलावलं. येत्या सोमवारी त्याची तारीख आहे. खाणीतली पाळी बदलून घेतली का, ते आज संध्याकाळी त्याला फोन करून विचारायचं आहे.